चौथा उंडा

प्रश्न : मी गोव्यात डिचोलीला राहते. ‘काकू’ ही माझी कथा एका दिवाळी अंकाकडून ‘काकू दिसत नाही’ एवढ्याच शेऱ्यासह परत आली. वरून कडक, आतून प्रेमळ, असं तिचं वर्णन मी पहिल्याच परिच्छेदात केलंय. संवादही भरपूर आहेत. मग चुकलं कुठं? आणि घरी आम्ही कोंकणी बोलतो. संवाद कोंकणीत लिहिले तर चालतील का?

उत्तर : सोबत पाठवलेली कथा वाचली. काकू कडक आहे हे तुम्ही सांगितलंत, प्रेमळ आहे हेही तुम्हीच सांगितलंत. मग बिचारीला करायला उरलं काय? बोलते ती, पण कसं? ‘अरे, तुला माहीतच आहे, तुझे बाबा गेल्यापासून मी एकटीनं हे घर चालवलं.’ माहीत आहे तर सांगते कशाला? पुतण्याला समोर बसवून ती आपल्याला, वाचकांना, माहिती पुरवतेय.

माझी एक मावशी म्हापशाजवळ राहायची. तिचा धाकटा तारवार गेला, म्हणजे बोटीवर नोकरीला. निघाला त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली, ‘गेला तर गेला. एक ताट कमी घासायचं.’ डोळ्यांत टिपूस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला. सायकल दाराशी थांबली, टोपलीवरचं प्लास्टिक त्यानं सारलं आणि मावशी रोजच्यासारखी म्हणाली, ‘चार दी.’ घरात माणसं उरली होती तीन. उंडे, म्हणजे कडक सालीचे गोल पाव, हातात आल्यावर तिच्या ध्यानात आलं. पोदेरही घुटमळला, एक परत घ्यायला त्यानं हात अर्धवट पुढं केला. मावशीनं चाराचे पैसे मोजून दिले नि आत गेली. चौथा उंडा संध्याकाळी चहात बुडवून तिनंच खाल्ला. तोवर त्याचा दगड झाला होता. पुढच्या दिवशीही तिनं चारच घेतले.

नुसतं ‘गेला तर गेला’ ऐकलं असतं तर ती मला निष्ठुर वाटली असती, नुसते उंडे पाहिले असते तर विसरभोळी. दोन्ही शेजारी आल्यावर मावशी दिसते.

तुमच्या काकूकडेही असा उंडा आहे हो! चौथ्या पानावर ती पुतण्याला फैलावर घेता घेता बांगड्याचे काटे काढून त्याच्या ताटात सरकवते. पुतण्या चांगला सव्वीस वर्षांचा. तिथं मी थांबले, परत वाचलं. आणि लगेच तुमचं वाक्य आलं : ‘तिचं प्रेम असं कृतीतून व्यक्त व्हायचं.’ ते खोडा. पहिला परिच्छेदही जाऊ द्या. शिवाय ‘उपकार विसरलास’ असलं भारी भांडण नको. ओला टॉवेल खाटेवर टाकला, एवढं निमित्त पुरे.

आता कोंकणी. चालेल की. पानंच्या पानं नकोत, बाहेरचा वाचक अडखळतो. पण खरी गंमत माणूस भाषा कधी बदलतो यात आहे. आमच्या वाड्यावरचा पसरकार, म्हणजे दुकानदार, वर्षभर गिऱ्हाइकाला ‘कितें जाय?’ विचारतो. जत्रेच्या नाटकात संभाजी मिळाला की तालमींपासूनच त्याचं ‘बोला, काय हवे आपल्याला?’ सुरू होतं. अर्धा किलो गूळसुद्धा पल्लेदार मराठीत तोलतो. नाटक संपून आठवडा झाला तरी उतरत नाही. आतून बायकोची ‘जेवपाक यो!’ अशी हाक आली की मात्र संभाजीमहाराज निमूट उठतात.

तुमचा पुतण्या मुंबईत वाढलेला. काकू त्याच्याशी एरवी काय बोलते, आणि टॉवेल दिसल्यावर कुठल्या भाषेत तोंड सोडते? ते ठरवून कथा पुन्हा लिहा नि मला पाठवा. शेवटी पुतण्या रडतो ते पान नाही पाठवलंत तरी चालेल.