‘बदलिया’ म्हणजे धर्म बदलणं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ती-मुस्लिम संवादावरच्या एका लेखात लुई मासिन्यों या फ्रेंच कॅथलिक अभ्यासकाच्या ‘बदलिया’ नावाच्या प्रार्थनामंडळाचा उल्लेख आलाय, तर त्याचा अर्थ ‘लोकांचा धर्म बदलवणारी संघटना’ असा घ्यायचा का, आणि आपल्या ‘बदली’शी या शब्दाचं काही नातं आहे का?

नातं आहे आणि अगदी सख्खं आहे, पण धर्म बदलण्याचा अर्थ मात्र घेऊ नका.

अरबीत ब-द-ल या धातूवरून ‘बदल’ हे नाम होतं, अर्थ एकाच्या जागी दुसरा, ऐवजी. मराठीत हा शब्द फारसीतून आला आणि त्याचं गोत केवढं पसरलंय बघा, बदली, बदला, बदलणे, अदलाबदल, मोबदला, आणि ज्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही तो ‘बद्दल’ सुद्धा. आज ‘त्याच्याबद्दल बोललो’ म्हणजे त्याच्याविषयी बोललो, पण जुन्या मराठीत आणि अजूनही काही बोलण्यात ‘माझ्याबद्दल तू जा’ म्हणजे माझ्या ऐवजी तू जा. म्हणजे मूळ अर्थ शब्दयोगी अव्ययात टिकून राहिला. क्रियापदात मात्र तो सरकला, ‘बदलणे’ म्हणताना आपल्याला ती वस्तूच वेगळी झाली असं वाटतं, आणि तुमच्या प्रश्नातला गोंधळ नेमका इथून आलाय.

सोलापूरकरांना खरं तर हे समजावून सांगायची गरज नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा ‘बदली कामगार’ हा शब्द घराघरात होता. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर येऊन उभं राहायचं, साच्यावरचा, म्हणजे कापड विणायच्या मागावरचा, कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, त्याचाच साचा चालवायचा, आणि तो परत आला की जागा त्याची. बदलीवाला त्या माणसाला बदलत नाही, त्याची जागा हिसकावत पण नाही, त्याचं काम आपल्या अंगावर घेतो. मासिन्योंच्या बदलियातला ‘बदल’ हा असा आहे.

आता मूळ गोष्ट. मासिन्यों जन्मला 1883 साली, वारला 1962 साली, पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक. 1908 साली इराकमध्ये पुरातत्त्वाच्या कामावर असताना हेर असल्याच्या संशयावरून तो अडचणीत सापडला, आजारी पडला, मरता मरता वाचला, आणि त्या दिवसांत बगदादच्या ज्या आलूसी घराण्यानं पाहुणा म्हणून त्याची जबाबदारी घेतली ते मुसलमान होतं. गंमत म्हणजे याच काळात त्याची तरुणपणी सुटलेली ख्रिस्ती श्रद्धा परत आली. मुसलमानांच्या आदरातिथ्यानं आणि दुआंनी आपण आपल्या देवाकडे परत आलो असं तो आयुष्यभर मानत राहिला. हे ऋण लक्षात घेतल्याशिवाय बदलिया कळणारच नाही असं माझं ठाम मत आहे.

1934 साली त्यानं आणि मारी काहील या इजिप्शियन ख्रिस्ती बाईंनी इजिप्तमधल्या दमिएत्ता गावात एका जुन्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये नवस केला की आपण मुसलमानांच्या जागी उभं राहून, त्यांच्यासाठी प्रार्थना करत आयुष्य वाहू. गाव पण मुद्दाम निवडलेलं, कारण 1219 साली क्रूसेडचं, म्हणजे ख्रिस्ती-मुसलमानांचं धर्मयुद्ध ऐन भरात असताना असिसीचा संत फ्रान्सिस इथंच सीमा ओलांडून इजिप्तचा सुलतान अल-कामिलला भेटायला गेला होता. पुढे या नवसातून जे मंडळ उभं राहिलं त्याचं नाव बदलिया. त्यात कुणाचा बाप्तिस्मा करायचा कार्यक्रम नव्हता, होती ती प्रार्थना, उपास आणि मैत्री. पण तुमची शंका अगदीच निराधार आहे असंही म्हणणार नाही, मुसलमान आतून ख्रिस्ताला ओळखतील ही आशा मासिन्योंच्या मनात होती आणि त्यानं ती लपवली नाही, त्यामुळे काही मुसलमान वाचकांना हे ‘आमच्या जागी तुम्ही का म्हणून?’ असं खटकलं तर ते समजू शकतं.

तरी शब्द त्यानं बाहेरून लादलेला नाही, मुसलमानांच्याच घरातला आहे. आपल्याकडे ज्या घरातून आजारी किंवा वारलेल्या माणसाच्या नावानं दुसरा कुणी हजला जातो तिथं ‘हज्जे बदल’ म्हणतात, ते ऐकलं असेल. आणि सूफी परंपरेत ‘अब्दाल’ हे गुप्त संत मानतात, जगाचा भार त्यांच्यावर, एक गेला की अल्ला त्याच्या जागी दुसरा नेमतो म्हणून नाव अब्दाल, म्हणजे बदलचं अनेकवचन. (पानिपतावरून आपल्याला पाठ असलेलं ‘अब्दाली’ हे टोळीचं नाव पण परंपरेनं याच अब्दालशी जोडतात, सगळे अभ्यासक मात्र ते मान्य करत नाहीत.)

मासिन्योंला हा विचार सगळ्यात जास्त दिसला तो हल्लाजमध्ये. हुसैन इब्न मन्सूर अल-हल्लाज, ‘अनल हक’ म्हणजे ‘मीच सत्य’ म्हणणारा सूफी, 922 साली बगदादमध्ये हालहाल करून मारलेला, आपल्याकडे बापाच्या नावावरून नुसता ‘मन्सूर’ म्हणून प्रसिद्ध. मासिन्योंचा त्याच्यावरचा प्रचंड ग्रंथ बरोबर हजार वर्षांनी, 1922 साली आला, आणि त्यात हल्लाजचं मरण हे आपल्या समाजासाठी स्वतःहून पत्करलेलं मरण आहे असं तो मांडतो. हल्लाज या शब्दाचा अर्थ पिंजारी. पूर्वी आपल्या गल्ल्यांतून खांद्यावर ती लांब धनुकली घेऊन पिंजारी यायचे, तातीवर लाकडी ठोकळा बसला की टणत्कार व्हायचा आणि सरकीचा दबलेला कापूस भुरुभुरु वर उठायचा, तो धंदा. आपल्याकडचं नदाफ हे आडनाव पण अरबी, अर्थ तोच, कापूस पिंजणारा, आणि देशात ठिकठिकाणी पिंजारी लोक स्वतःला मन्सूरी म्हणवतात ते याच मन्सूरच्या नावानं.

शब्दांच्या माणसांना आवडेल असं अजून एक सांगतो. त्याच 1922 साली मासिन्योंनं सूफींच्या पारिभाषिक शब्दांवर वेगळा ग्रंथ लिहिला. त्याच्या आधीचे आणि त्याच्या काळातले बरेच युरोपियन अभ्यासक सूफी मत बाहेरून आलं असं म्हणायचे, कुणी ख्रिस्ती साधूंकडून, कुणी ग्रीकांकडून, कुणी थेट आपल्या वेदान्तातून. स्पेनचा आसिन पालासिओस हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू आणि मोठा पंडित, पण इब्न अरबी या मोठ्या सूफी विचारवंतामध्ये त्याला ख्रिस्ती छापच जास्त दिसली. मासिन्यों एकेक शब्द घेऊन दाखवतो की हे मुळात कुराणाच्या सततच्या पठणातून उगवलंय, बाहेरचं मिसळलं ते नंतर. दुसऱ्याचा धर्म त्याच्याच शब्दांतून समजून घ्यायचा ही शिस्त त्यानं कॅथलिक अभ्यासाला लावली, मला तरी त्याचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. कैरोचे डॉमिनिकन संघाचे फादर जॉर्ज अनावाती त्याच वाटेनं गेले, आणि 28 ऑक्टोबर 1965 ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात चर्च मुसलमानांकडे आदरानं बघतं असं लिहिलं त्या मसुद्याच्या कामात अनावाती होते. मासिन्यों तोवर वारला होता.

तर वापराचं म्हणाल तर ‘प्रतिस्थापन’ वगैरे जड शब्द नको, केमिस्ट्रीचा धडा वाटतो. ‘पर्याय’ तर अजिबात नको, पर्याय म्हणजे हा नाहीतर तो. ‘बदलिया’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथं ‘दुसऱ्याच्या जागी उभं राहून केलेली प्रार्थना’ असं एकदा सांगून टाका. अरबी उच्चार ‘बदलिय्या’ असा जोड य चा आहे, पण मराठीत ‘बदलिया’ चालेल, ‘बदलीया’ असं दीर्घ ली लिहू नका. लिंग स्त्रीलिंगी धरा, ती बदलिया, बदलियाचे सभासद. आणि मासिन्यों मुसलमानांसाठी प्रार्थना करायचा हे वाक्य ‘मुसलमानांबद्दल प्रार्थना करायचा’ असं कुणी लिहिलं तर लगेच चूक म्हणून खोडू नका, जुन्या अर्थानं ते ‘साठी’ पेक्षा जास्त नेमकं आहे.