आतली कड

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. ८०० मीटर सोडून १५०० करू का, की अडथळ्यांची स्टीपलचेस, की सरळ रोड रेसला जाऊन बक्षिसाचे पैसे तरी मिळवू? जिल्ह्याला सव्वा सेकंदाने दुसरी आलीस म्हणून शर्यतच बदलायची? मी कुंपणापाशी उभा होतो. ब्रेक लाइन, म्हणजे जिथून लेन सोडून आत यायची मुभा मिळते ती रेघ, तिच्यानंतरही तू शेवटपर्यंत दुसऱ्या लेनमधून पळालीस. दुसऱ्या लेनमधून!

हिशेब कर. लेन १.२२ मीटर रुंद. एक लेन बाहेरून गेलं की दर वळणाला साडेतीन मीटरच्या वर जास्त पळावं लागतं. पहिलं वळण ज्याचं त्याच्या लेनमध्ये, ते सोड. उरली तीन, म्हणजे ११ मीटर. तुझ्या २ मिनिटं १९ सेकंदांच्या वेगाला ते जवळजवळ दोन सेकंद झाले. हरलीस कितीने? पाय कमी पडले नाहीत तुझे, तू कड सोडलीस.

आणि तुमच्या शाळेच्या २०० मीटरच्या मैदानावर तर दुप्पट वळणं. मैदान लहान असलं तरी वळणाचं नुकसान तेवढंच, कारण ते लेनच्या रुंदीवर ठरतं. तिथेच तुला ही खोड लागली.

१५०० मध्ये काय वेगळं होणार? तिथे लेनच नाहीत, सुरुवातीपासून झुंबड आणि सात वळणं. अशीच पळालीस तर २५ मीटर फुकट. स्टीपलचेसला गर्दी कमी म्हणतेस. २८ अडथळे, ७ पाण्याच्या उड्या, आणि हर्डलसारखा तो अडथळा पडत नाही, आपणच पडतो. सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर मॅरेथॉन जिंकून तिकडे आली आणि २०१६ ला रिओत फायनलला दहावी आली. तू सव्वा सेकंदाला घाबरून निघालीस. अविनाश साबळेची २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्टीपलचेस आठव: त्याचे ८:११.२० आणि पहिल्याचे ८:११.१५. पाच शतांश सेकंद, म्हणजे हातभर अंतर. आणि तू ११ मीटर वाटत फिरतेस.

मला माहीत आहे तू आत का जात नाहीस. कोंडलं जाण्याची भीती. मलाही होती. राज्य निवडीला पहिले दोघे घ्यायचे, मी तिसरा आलो. रात्री पाऊस झाला होता, आतल्या कडेला घोट्यापर्यंत चिखल, स्पाइक्स उसने. मी शहाणपणा करून बाहेरून पळालो. आजही सांगतो, तो निर्णय तेव्हा बरोबरच वाटला होता, आणि कोणीही तेच केलं असतं. फक्त जो पहिला आला त्याच्या पिंढऱ्या लाल चिखलाने माखलेल्या होत्या. माझे मोजे स्वच्छ होते. ते मोजे धुताना आईने विचारलं होतं, "पळालास का रे?"

रागावू नकोस. तुझा शेवटचा शंभर मीटरचा जोर मी इतक्या वर्षांत दोघातिघांतच पाहिलाय. म्हणून तर चिडतो.

ब्रेक लाइन आली की एकदम आत घुसायचं नाही. पुढचं वळण सुरू होताना कडेला पोचशील अशी तिरकी रेष धर. वळणावर कड, काहीही झालं तरी कड. कोंडलीस तर दम धर, सरळ पट्टी येतेच. तिथे बाहेर पड, तिथे मागे टाक. वळणावर कोणाला मागे टाकायचा मोह झाला तर माझे मोजे आठव.

रोड रेसचे पैसे लागत असतील तर ते वेगळं, घरचं सांग, बोलू.

रविवारी सहाला मैदानावर ये. सुतळी नि चुना मी आणतो. तू दोन्ही लेनमधून सुतळी अंथर आणि उरलेला तुकडा स्वतः मोज.