बागेला दुपारी कुलूप का?

प्रश्न : जळगावात आमच्या कॉलनीतली बाग सकाळी १० ते संध्याकाळी ५ बंद असते. दारात भाजी विकणाऱ्या बाया मे महिन्यातही उन्हातच बसतात. मी काठीवर चालते, दारातल्या तीन पायऱ्या मला चढवत नाहीत. अर्जात काय मागू?
– एक आजी

उत्तर : आजी, सगळ्यात आधी दुपारचं कुलूप काढायला सांगा. आपल्या खानदेशात मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. निंबाची सावली लागते ती दुपारीच! माझी आई धुळ्यात डोक्यावर टोपली घेऊन फिरायची. टेकायला तिला देवळाचा ओटा तेवढा मिळे. त्या ओट्याला फाटक नव्हतं, हे मी विसरलेली नाही.

पायऱ्यांशेजारी उतार मागा : फूटभर उंचीला निदान १२ फूट लांबी, धरायला कठडा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार द्या. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह कारंज्याच्या आधी.

अर्जावर भाजीवाल्या बायांच्याही सह्या घ्या. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात, त्यांत एक तृतीयांश महिला. त्यांतल्या एकीला गाठा आणि तिला सोबत घेऊनच महापालिकेत जा.