शॅननला जाण्यापूर्वी

आपण मुंबईच्या सीप्झ या निर्यात वसाहतीतील एका कारखान्यात नऊ वर्षे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर काम करत आहात, आयर्लंडमधील शॅननच्या करमुक्त औद्योगिक वसाहतीतून आपल्याला नियुक्तिपत्र आले आहे, आणि सवलती संपल्यावर तेथील कंपन्या गाशा गुंडाळतील का, असे आपण विचारले आहे. मीही एकेकाळी मरोळ नाक्यावरून सीप्झला जात असे आणि गेली अकरा वर्षे शॅननमध्ये नोकरी करतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ही वसाहत अशाच एका धास्तीतून उभी राहिली. अटलांटिक ओलांडणारी विमाने इंधनासाठी शॅननला उतरत. पण लांब पल्ल्याची जेट विमाने येऊ लागताच हा थांबा अनावश्यक होणार, आणि शेतीखेरीज फारसा आधार नसलेल्या क्लेअर परगण्यातून तरुण देशोधडीला लागणार, हे स्पष्ट दिसू लागले. तेव्हा ब्रेंडन ओ'रेगन यांच्या पुढाकाराने 1959 मध्ये विकास कंपनी स्थापन झाली, तिने विमानतळालगत कारखान्यांचे गाळे उभारले, जकात माफ झाली, निर्यातीच्या नफ्यावर कर राहिला नाही आणि कामगारांसाठी नवे गावच वसवले गेले. आपल्याकडची अशीच निर्यात क्षेत्रे, गुजरातमधील कांडला 1965 चे आणि सीप्झ 1973 चे, म्हणजे दोन्ही नंतरचे. चीनचे पुढील काळातील अध्यक्ष जिआंग झेमिन 1980 मध्ये ही वसाहत अभ्यासण्यासाठी येऊन गेले होते.

आता आपल्या मूळ शंकेविषयी. ती पूर्ण करमाफी केव्हाच गेली. आज तेथे देशभराप्रमाणेच 12.5 टक्के आणि मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना 15 टक्के कर पडतो, तरीही वसाहत नांदती आहे, कारण दरम्यान परिसरात कसब मुरले. जवळच्या लिमरिकमध्ये 1972 मध्ये सुरू झालेली उच्चशिक्षण संस्था 1989 मध्ये विद्यापीठ झाली. गिनेस पीट एव्हिएशन ही विमाने भाड्याने देणारी कंपनी 1975 मध्ये शॅननमध्ये निघाली. 1992 मध्ये तिची शेअरविक्री फसली आणि ती डबघाईला आली, पण तेथे तयार झालेल्या माणसांनी पुढे नव्या कंपन्या काढल्या आणि तो व्यवसाय आयर्लंडमध्येच राहिला. सीप्झमध्ये दागिन्यांत हिरे जडवले जातात, तर शॅननमध्ये कापण्या-घासण्याच्या अवजारांसाठी कृत्रिम हिरे बनतात. कणभर चुकीला माफी नाही, ही शिस्त मात्र दोन्हीकडे सारखीच, आणि आपला अनुभव तेथे निश्चितच कामी येईल. म्हणून कराची चिंता सोडून, ही कंपनी आपल्याला नवे काय शिकवणार आहे, हे विचारावे, असे मला मनापासून वाटते.

खरी अडचण घराची आहे. मला भाड्याचे घर मिळायला आठ आठवडे लागले आणि एका घरमालकाने ठरलेला शब्द ऐनवेळी फिरवला. तेव्हा सुरुवातीच्या राहण्याची सोय कंपनीकडून लेखी घ्यावी. कामाचा परवाना 'क्रिटिकल स्किल्स' (तुटवडा असलेल्या कौशल्यांसाठीचा) प्रकारचा असेल तर पत्नी-मुलांना लगेच नेता येते आणि दोन वर्षांनी परवान्याविना काम करण्याची मुभा मिळू शकते. साध्या परवान्यावर हा काळ बराच लांबतो. भारतीय वाहन परवाना तेथे बदलून मिळत नाही, परीक्षा नव्याने द्यावी लागते, आणि आडव्या पावसात पहाटेची पाळी गाठताना गाडी नसल्याचे फार जाणवते. नियुक्तिपत्रात पाळीची वेळ आणि परवान्याचा प्रकार नसेल, तर होकार कळवण्यापूर्वी दोन्ही मागून घ्यावेत.