ऐंशीच्या दशकातल्या घराची एस्केप रूम घरीच करायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला फ्लॅट, दहा बाय बाराची एक खोली, चाळिशीतले चार मित्रमैत्रिणी आणि त्यांतल्या दोघांची मिळून दोन शाळकरी मुलं. १९८७ सालच्या घरासारखी सजावट, आणि तासाभरात कोडी सोडवत कुलपं उघडायची, असा एस्केप रूमचा खेळ. कोडी कशी बांधायची, कुठे फसतं?

मुलं खेळणार हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळं त्यावरच ठरतं. ‘तेव्हा पोस्टकार्ड कितीला मिळायचं?’ हे कोडं नाही, ती सामान्यज्ञानाची परीक्षा झाली. मोठे लगेच ‘पंधरा पैसे’ म्हणतील आणि मुलं तोंडाकडे बघत बसतील. त्याऐवजी तेव्हाचं खरं पोस्टकार्डच ठेवा, किंमत त्यावर छापलेली असते. आठवणीनं गंमत वाढावी, पण उत्तर खोलीतल्या वस्तूतच मिळायला हवं. पुढचं सगळं या एका नियमावर बेतलंय.

आधी दाराचं. खोलीच्या दाराला कुलूप लावायचं नाही, कडीसुद्धा नाही. पोलंडमधल्या कोशालिन शहरात ४ जानेवारी २०१९ रोजी अशाच एका खेळाच्या जागी आग लागली आणि पंधरा वर्षांच्या पाच मुली आत अडकून मरण पावल्या. तुमचा खेळ दार उघडून नव्हे, माळ्यावरची ट्रंक उघडून संपू दे. रॉकेलची चिमणी, पेटता स्टोव्ह, लिंबाच्या रसानं लिहून मेणबत्तीवर धरायची चिठ्ठी, यातलं काहीही नको.

सहा जणांना साठ मिनिटांसाठी सात कोडी पुरतात. एकापाठोपाठ एक लावलीत तर दोघं खेळतात आणि चौघं सूचना देत बसतात. सुरुवातीलाच कोड्यांचे दोन-तीन स्वतंत्र धागे मोकळे ठेवा. प्रत्येक धाग्यातून एक आकडा निघावा आणि ते शेवटी ट्रंकेवर एकत्र यावेत.

कॅलेंडरपासून सुरुवात करा. २०२६ चं कॅलेंडर वार-तारखांच्या हिशोबानं १९८७ शी तंतोतंत जुळतं, १९९८ शीही. तिथी आणि सण मात्र जुळत नाहीत. एखादी आजी बघायला आली तर गणेश चतुर्थीवर बोट ठेवून तुम्हाला पकडणारच, तेव्हा फक्त वार-तारखांचे चौकोन छापून घ्या. त्यावर दुधाचा हिशोब लिहा: अर्धा, एक, खाडा. प्रत्येक महिन्यातले खाडे मोजले की एक अंक, चार महिन्यांचे चार अंक. खाड्यांच्या तारखाच अंक म्हणून वापरायचा मोह होतो, पण एकाच पानावर तारखा चढत्या क्रमानंच वाचल्या जातात, म्हणून ४१७२ सारखा आकडा त्यातून निघत नाही. शून्यही टाळा. ज्या महिन्यात एकही खाडा नाही, ते पान लोक सरळ उलटतात.

दुसरं कोडं खास मराठी: बाराखडीचा तक्ता. ओळीचा क्रमांक आणि रकान्याचा क्रमांक मिळून एक अक्षर. १-१, २१-२, ११-१ म्हणजे कपाट. पण हे ङ आणि ञ धरले तरच. ही दोन अक्षरं गाळलेला तक्ता लावलात तर त्याच आकड्यांचं ‘कबाड’ होतं, आणि तोही शब्द खरा असल्यामुळे मंडळी अडगळीचा कोपरा उपसत बसतात. म्हणून तक्ता स्वतः छापा, ओळींना आकडे घाला आणि सांकेतिक चिठ्ठी त्याच तक्त्यावरून तयार करा. जोडाक्षराचे शब्द घेऊ नका. ‘ट्रंक’ या तक्त्यात बसत नाही, ‘माळा’ बसतो (२५-२, ३४-२, मात्र तक्त्याचा शेवट श ष स ह ळ असा हवा).

चकतीचा फोन सगळ्यांना हवा असतो, आणि सगळ्यात जास्त घोटाळेही तोच करतो. चकती सोडल्यावर परत येताना फोन टकटक मोजतो: १ ला एक ठोका, ९ ला नऊ, ० ला दहा. वेग सेकंदाला साधारण दहा ठोके. इलेक्ट्रॉनिक्स जमत असेल तर पल्सच्या (ठोक्यांच्या) दोन तारा अर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला, जोडा. स्वस्थ असताना तो संपर्क बंद असतो आणि प्रत्येक ठोक्याला उघडतो, म्हणजे उघडण्या मोजायच्या. पाव सेकंद शांतता आली की अंक संपला. संपर्क थरथरल्यानं एकाचे दोन ठोके मोजले जातात, म्हणून दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या आतली दुसरी उघडझाप सोडून द्या. मुलं सवयीनं भोकात बोट दाबतात किंवा चकती हातानं मागे ढकलतात, तेव्हा आकडा हमखास चुकतो. फोनशेजारी ‘बोट अडकेपर्यंत फिरवा, मग सोडा’ अशी पाटी लावा, पीसीओत असायची तशी. जमत नसेल तर सरळ तुम्ही दाराबाहेरून बघा आणि नंबर बरोबर फिरवला की फोनखाली दडवलेल्या मोबाइलवर घंटीचा आवाज वाजवा. खरी घंटी वाजवायला जाऊ नका, तिला ७५ व्होल्टच्या आसपास एसी लागतो. नंबर पाच आकडीच ठेवा. दहा आकडी दिलात तर कुणीतरी तो स्वतःच्या मोबाइलवरून लावतो आणि एखाद्या अनोळखी माणसाची दुपारची झोप मोडते. एसटीडी कोड वापरणार असाल तर तेव्हा पुण्याचा ०२१२ होता, ०२० नव्हे. जुन्या एसटीडी कोडांची यादी भिंतीवर लावा.

कॅसेटसाठी सी-६० घ्या, एका बाजूला तीस मिनिटं. जुन्या गाण्यांच्या कॅसेटवर रेकॉर्ड करायचं तर वरच्या कडेच्या तुटलेल्या खाचेवर सेलोटेप लावा. सुरुवातीची पाचेक सेकंदांची पट्टी कोरी असते, तिच्यावर आवाज उमटत नाही, म्हणून दहा सेकंद सोडून बोला आणि निरोप तीनदा सांगा. पेन्सिलीनं फीत गुंडाळायचा प्रसंग जरूर ठेवा, मोठ्यांचे चेहरे तिथे उजळतात. पण पेन्सिलीच्या एका फेऱ्यात जेमतेम दीड ते साडेतीन सेकंदांची फीत सरकते. पाच मिनिटांची फीत फिरवायला लावलीत तर शंभरावर फेरे होतात आणि खेळ तिथेच बसतो. अर्ध्या मिनिटाच्या आत ठेवा. फीत बाहेर ओढून ठेवू नका, गुंता होतो. जुन्या प्लेअरचा रबरी पट्टा सैल झालेला असला तर आवाज घोगरा आणि संथ येतो. अंक सांगितलेले असतील तर ते तरीही कळतात. गाण्याच्या चालीवर कोडं बेतलं असेल तर बोंब. तोच आवाज मोबाइलमध्येही ठेवा.

टीव्ही फक्त दिसायला. मागचं झाकण उघडून आत काही बसवायचा विचार असेल तर सोडून द्या, पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही जबर व्होल्टेज साठलेलं राहतं. ब्लॅक अँड व्हाइटपुढे रंगीत काच लावायची हौस आठवते? तीच इथे कामाला येते. पुठ्ठ्याच्या चौकटीत लाल जिलेटीन कागद दुहेरी लावा. चिठ्ठीवर फिकट निळ्यानं आकडा लिहून वर लाल-नारिंगी रेघोट्या ओढा. चौकटीतून पाहिलं की रेघोट्या पुसट होतात आणि निळा काळपट उठतो. निळा गडद झाला तर साध्या डोळ्यांनीही वाचता येतो, म्हणून आधी चार छटा काढून बघा.

मुलांसाठी नाण्यांचं कोडं. चौकोनी पाच पैसे, पाकळ्यांच्या काठाचे ॲल्युमिनियमचे दहा, षटकोनी वीस, गोल पंचवीस: पुठ्ठ्यात तेवढ्याच आकाराच्या खाचा कापा. पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवारी आणि रविवारी भरतो) अशी नाणी मिळतात. चार जास्तीची आणा, खिशात जातात.

कुलपांवर काटकसर नको. तीन आकडी कुलपात हजारच शक्यता. दोन अंक कळले की तिसरा अंक कुणीही अर्ध्या मिनिटात ‘लावून’ बघतो. चार आकडी घ्या. स्वस्तातल्या कुलपांचा आकडा दांडी ताणून चकत्या फिरवल्या की नुसत्या हाताला कळतो, हे आधी स्वतः करून पाहा. सगळ्यात मोठा घोळ वेगळाच: काही कुलपं उघड्या अवस्थेत दांडी फिरवून दाबली की नवा आकडा घेतात. एखादं मूल ते चाळवतं आणि पुढच्या तुकडीला कुलूप उघडतच नाही. उघडलं की कुलूप लगेच काढून घ्या, आणि कापायला कटर घरात असू द्या.

पंखा बंद ठेवा, नाहीतर चिठ्ठ्या कपाटाखाली जातात. शोभेच्या वस्तूंवर छोटा हिरवा टिकला लावा: हिरवा म्हणजे खेळात नाही. अशी खोली जुन्या सामानानं भरली की अडकित्ताही पुरावा वाटायला लागतो.

पाच मिनिटं सगळे अडले तर दाराखालून मदतीची तार (टेलिग्राम) सरकवा. तारेला शब्दांप्रमाणे पैसे पडायचे, तेव्हा मदतही तितकीच चिक्कू: ‘खाडे मोजा. दूधवाला.’

आदल्या आठवड्यात खेळात नसलेल्या दोघांकडून एकदा खेळून घ्या. त्यांना सत्तर मिनिटं लागली तर एक कोडं काढा, चाळीस लागली तर चालेल, सहा जण एकमेकांच्या बोलण्यातच वेळ घालवतात. खोली मांडून झाली की प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या फेरीआधी मांडामांड करताना एक गोष्ट हटकून राहते: कॅसेट रिवाइंड करणं.