पोलिसांच्या गोळीने माणूस गेला, तर काय विचारायचं?

प्रश्न : रात्री गावाबाहेरच्या नाल्यावर पोलिसांची गोळी लागून माझा पुतण्या गेला. त्याने कुऱ्हाड उगारली म्हणून गोळी झाडावी लागली, असं ठाणेदार सांगतात. ठाण्यात मर्ग (आकस्मिक मृत्यूची नोंद) दाखल आहे आणि एक गुन्हा आहे, पण तो पुतण्यावरच. पीएम (शवविच्छेदन) तालुक्यालाच उरकलं. तेरवी झाली, तरी आमचा जबाब कोणी घेतला नाही. आता काही करता येईल का?
— एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : येईल, पण दिवस घालवू नका. मेलेल्या माणसावर गुन्हा नोंदवला म्हणजे त्याच्या मृत्यूचा तपास झाला, असं होत नाही. बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात. फाईल ‘पोलिसांवर हल्ला’ या नावाने चालते, आरोपी हयात नाही म्हणून ती बंद होते, आणि गोळी झाडणं गरजेचं होतं का, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात १६ सूचना दिल्या. त्या सगळ्या पोलिसांवर बंधनकारक आहेत. तुमच्या कामाची पहिली गोष्ट ही, की तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा असतो. त्यावर देखरेख करणारा अधिकारी गोळीबार करणाऱ्या पथकाच्या प्रमुखापेक्षा किमान एक दर्जा वरचा हवा. म्हणून जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. तपास कोणाकडे आहे, त्याचा हुद्दा काय, गोळी झाडलेलं शस्त्र कधी जमा केलं, ते कोणत्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवलं, हे त्यात विचारा. अर्ज हाती दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. तोंडी बोलणं फाईलला लागत नाही.

त्याचबरोबर तुमची स्वतःची फिर्याद द्या. ठाण्यात घेत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच फिर्याद अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. तरीही हालचाल झाली नाही, तर कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कर्तव्यावरच्या सरकारी नोकराविरुद्धची तक्रार असेल, तर न्यायाधीश आधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवतात आणि त्याचंही म्हणणं ऐकतात. त्यामुळे ‘अन्याय झाला’ एवढंच लिहून भागत नाही. किती वाजता घडलं, उजेड कसला होता, कोणी पाहिलं, किती आवाज ऐकू आले, प्रेत कुठे आणि कसं पडलं होतं, हे सगळं त्यात हवं. न्यायालयाच्या सूचनाच पाळल्या नाहीत, अशी तक्रार असेल, तर त्या भागाच्या सत्र न्यायाधीशांकडे जाण्याची वाट २०१४ च्या निकालानेच दिली आहे.

आता पीएमबद्दल. ते जिल्हा रुग्णालयात, दोन डॉक्टरांनी आणि व्हिडिओ चित्रीकरणासह करायचं असतं. दोघांपैकी एक शक्यतो रुग्णालयाचे प्रमुख असावेत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एकाच डॉक्टरने उरकलं असेल, तर तेवढा मुद्दा स्वतंत्रपणे लिहून द्या. अहवालाची प्रत मिळाली की पुढच्या गोष्टी तपासा : गोळी आत शिरल्याच्या जखमा किती, बाहेर पडल्याच्या किती, शिरकाव पुढून की पाठीतून, जखमेभोवती काजळी किंवा बंदुकीच्या दारूच्या कणांचे ठिपके आहेत का. काजळी आणि ठिपके जवळून झाडलेल्या गोळीचे असतात. ‘लांबून झाडली’ असा जबाब असेल आणि काजळी दिसत असेल, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. मात्र मधे जाड कपडा असेल, तर काजळी कातडीऐवजी त्या कपड्यावर अडकते. म्हणून अंगावरचे कपडे कुठे आहेत ते विचारा. रक्ताचे कपडे वाळवून कागदात बांधायचे असतात, प्लास्टिकमध्ये ते कुजतात. शरीराचा एक्स-रे काढला होता का, कुऱ्हाडीवरचे ठसे घेतले होते का, हेही विचारा.

पुतण्याला पुरलं असेल, तर कलम १९६ खाली दंडाधिकारी प्रेत उकरून तपासणीचा आदेश देऊ शकतात. अग्नी दिला असेल, तर ती वाट बंद होते. मग व्हिडिओ, एक्स-रे आणि कपडे एवढाच आधार उरतो. अशा मृत्यूत दुसऱ्या तपासणीचा प्रश्न सुटेपर्यंत अग्नी देऊ नये, हे कोणत्याही कुटुंबाला सांगणं जड जातं, पण सांगायलाच हवं.

प्रश्न : मी पोलीस पाटील आहे. अशा घटनेत मला पंच म्हणून बोलावलं, तर काय पाहायचं?
— वाशीम जिल्हा

उत्तर : कोऱ्या किंवा आधीच लिहून आणलेल्या कागदावर सही करू नका. स्वतः पाहिलं तेवढंच लिहून घ्या. अंतरं ‘जवळच’, ‘थोड्या अंतरावर’ अशी नकोत, टेप लावून मीटरमध्ये हवीत. पिस्तुलातून गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, रिव्हॉल्व्हरची आतच राहते. त्यामुळे पिस्तुलाने चार गोळ्या झाडल्या असं सांगत असतील आणि जागेवर एकच पुंगळी असेल, तर ‘एकच सापडली’ एवढं पंचनाम्यात यायलाच हवं. मागच्या सागाच्या खोडात, धुऱ्यावर, भिंतीत गोळी रुतली आहे का पाहा. त्यावरून गोळीची दिशा कळते. रक्ताने भिजलेली माती आणि शेजारची साधी माती, दोन्ही वेगवेगळ्या पाकिटात घ्यायला सांगा. पावसाचे दिवस असतील, तर पथक येईपर्यंत जागेवर ताडपत्री धरा, आणि गुरं व बघे दूर ठेवा. जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे आता सक्तीचं आहे, तुमची सही होतानाचंही.

प्रश्न : पळून जाणाऱ्या आरोपीवर गोळी झाडता येते का? आणि पायावर का मारत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : अटक करताना लागेल तेवढं बळ वापरता येतं. पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटकेसाठी ठार मारण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ देत नाही, मग तो पळत असला तरी. आरोप तसा गंभीर असला, तरी मारण्याचा सरसकट परवाना मिळत नाही, बळ गरजेपुरतंच हवं. दुसरा आधार स्वसंरक्षणाचा. तो पोलिसाला आणि तुम्हाला सारखाच आहे : जिवाला त्याच क्षणी धोका हवा, आणि केलेली इजा गरजेपुरतीच हवी. धोका टळला की तो हक्कही संपतो.

पायावर मारण्याचा आग्रह ऐकायला बरा वाटतो, पण अंधारात, हलत्या माणसाच्या पायावर नेम बसत नाही, आणि मांडीची मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. गोळी कुठे लागली याआधी झाडलीच का, हे विचारा. इशारा दिला होता का, वेढा घालून थांबता आलं असतं का, जखमीला दवाखान्यात किती वेळात नेलं? स्टेशन डायरी, वायरलेसच्या नोंदी आणि रुग्णवाहिकेची वेळ शेजारी ठेवली की पुष्कळ उलगडा होतो.

प्रश्न : उपविभागीय अधिकाऱ्यांनी पेपरात जाहीर सूचना दिली आहे. ही न्यायालयीन चौकशी का? माझ्या भावाला तर ठाण्यातून नेताना गोळी लागली.
— गोंदिया जिल्हा

उत्तर : नाही. उपविभागीय अधिकारी महसूल खात्याचे असतात, ते कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चौकशी करतात. पोलीस गोळीबारातल्या प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारीय चौकशी व्हायलाच हवी. पण माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना गेला, तर त्याच संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलीस गाडीत मारला गेला, तेव्हा तशी चौकशी झाली. तुमचंही प्रकरण ताब्यातलंच दिसतं. तशी मागणी लेखी करा, पण सूचनेतली तारीखही चुकवू नका. जबाब प्रतिज्ञापत्रावर द्या. साक्षीदार घाबरत असतील, तर त्यांना वकिलासोबत न्या. कोणी आलंच नाही, तर अहवालात ‘कोणाचीही हरकत नाही’ एवढंच उमटतं.

प्रश्न : गोळी झाडणाऱ्यांचा आठवड्यात सत्कार ठेवला आहे. हे चालतं?
— भंडारा जिल्हा

उत्तर : गावाने हार घातले तर कायदा आड येत नाही. पण अशा घटनेनंतर लगेच शौर्यपदक किंवा खास बढती देऊ नये, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच द्यावी, असं त्याच २०१४ च्या निकालात आहे. शिफारस गेली असेल, तर पोलीस महासंचालकांना आणि मानवी हक्क आयोगाला कळवा. आयोगाकडे तक्रारीला शुल्क लागत नाही, पण ती घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते.