स्टुटगार्टला येताय आणि डिझेल काँबी घ्यायचीय? आधी किलोमीटर मोजा

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला. म्हणजे सप्टेंबरात तुम्ही चिंचवडहून एकटे येणार, वहिनी आणि दोन पोरं (सहा वर्षं आणि दोन वर्षं) डिसेंबरात, तिकडे डिझेल क्रेटा होती म्हणून इकडेही एसयूव्हीच डोक्यात आहे, आणि ऑफिसातला एकजण म्हणतोय काँबी घे, दुसरा म्हणतोय डिझेल अजिबात नको, स्टुटगार्टात बंदी आहे. मी इथे जर्मनीत नऊ वर्षं आहे, स्टुटगार्टच्या दक्षिणेला रॉयटलिंगेनजवळ राहतो, ऑफिस बोब्लिंगेनला, आणि २०२१ पासून एकच गाडी चालवतोय: स्कोडा ऑक्टाविया काँबी, २०१९ ची, २.० टीडीआय (म्हणजे डिझेल), १५० पीएस (हॉर्सपॉवरच समजा), मॅन्युअल. तेव्हा जे सांगतोय ते याच गाडीच्या अनुभवावरून, बाकी गाड्यांचं दुसऱ्यांना विचारा.

काँबी म्हणजे स्टेशन वॅगन, इंग्लंडात इस्टेट म्हणतात ती. आपल्याकडे हा प्रकार रुजलाच नाही. १९९२ ला टाटा इस्टेट आली, २००४ ला इंडिगो मरिना आली, दोन्ही आपल्या पुण्याच्याच, पण लोकांनी नाक मुरडलं, मागे एवढी लांब डिकी कशाला म्हणून. इथे मात्र निम्मी फॅमिली पार्किंग काँबीनेच भरलेली दिसतात आणि दोन मुलं घरात आली की कळतं का ते. माझ्या गाडीची डिकी ६१० लिटर, मागची सीट पाडली की १७४०. लिटर वाचून काही कळत नाही म्हणून असं सांगतो, गेल्या वर्षी आई-बाबा सांगलीहून आले, फ्रांकफुर्ट एअरपोर्टला घ्यायला गेलो, २३ किलोच्या चार बॅगा, दोन केबिन बॅगा, शिवाय धाकटीची बाबागाडी, सगळं मागे बसलं आणि वरचं झाकणाचं कापडही ओढून लावलं. चार बॅगांत भाजणी किती, लोणचं किती आणि नवा कुकर कशाला हा वेगळा विषय. शिवाय डिकीचा काठ खाली असतो, बॅग उचलून छातीपर्यंत न्यावी लागत नाही. एसयूव्ही बाहेरून मोठी दिसते पण त्याच किमतीत डिकी बहुतेक वेळा लहानच निघते, आणि आत चढवायची उंची जास्त. उंच बसायची सवय मोडायला मला महिनाभर लागला हे मात्र खरं.

आता चालवायला कशी, कारण तुम्ही ते खास विचारलंय. थंड असताना आवाज येतो, डिझेल आहे हे लपत नाही, आणि जानेवारीत आत गरम हवा यायला पेट्रोलपेक्षा वेळ लागतो, पहिले पाच-सात किलोमीटर हातमोजे काढू नका. एकदा इंजिन गरम झालं की मग मजा. ३४० एनएम टॉर्क आणि तो १७५० आरपीएमपासूनच, म्हणजे गिअर न बदलता नुसता पाय थोडा दाबला की गाडी ओढते. म्युनिककडे जाताना ए८ ऑटोबानवर उल्मच्या आधी आल्ब डोंगराचा चढ लागतो, गाडीत पाच जण आणि डिकी भरलेली असतानासुद्धा सहाव्या गिअरमधे चढते, मला दरवेळी जुनी पेट्रोल स्विफ्ट घेऊन खंबाटकी चढताना एसी बंद करायचो ते आठवतं. १३० ला इंजिन दोन हजारच्या थोडं वर, निवांत, मागे पोरं झोपतात. मोकळ्या रस्त्यावर १७० पण केलंय, होतं, पण त्यावेळी टाकी रिकामी होताना डोळ्यांना दिसते. १२०-१३० धरून चालवलं तर माझं १०० किलोमीटरला पाच लिटरच्या आसपास पडतं, टाकी ५० लिटरची, त्यामुळे इथून इटलीतल्या गार्डा लेकला ब्रेनर घाटातून गेलो तर जाताना कुठेच भरायला लागत नाही. (इथे ॲव्हरेज उलटं सांगतात हां, लिटरला किती किलोमीटर असं कोणी बोलत नाही. पाच लिटर म्हणजे आपलं वीस.) रिकामी असताना मागचं सस्पेन्शन जरा कडक वाटतं, सामान भरलं की छान बसते. वळणावर एसयूव्हीसारखी झुलत नाही, ज्याला गाडीत उलटी होते अशा पोराच्या बापाला याची किंमत कळते.

ऑटोबानबद्दल एकच. लिमिट नाही याचा अर्थ तुम्ही जोरात जायचं असा नाही, मागून कोणीतरी २०० ने येणार आहे असा आहे. शिफारस केलेला वेग १३० आहे, मी तोच धरतो. ओव्हरटेक झालं की लगेच उजवीकडे या, डावी लेन अडवून बसलेला आणि उजवीकडून घुसणारा, दोघंही इथे गुन्हेगार.

एवढं कौतुक केलं, आता माझा मूर्खपणा. दुसऱ्या हिवाळ्यात होम ऑफिस सुरू होतं आणि गाडी रोज फक्त पोरीला किटाला (इथलं पाळणाघर) सोडायला, तीन किलोमीटर जायला, तीन यायला. डिझेलमधे काजळी अडवायचा फिल्टर असतो (डीपीएफ), तो भरला की गाडी स्वतःच आत साधारण ६०० डिग्रीला ती काजळी जाळते, पण त्यासाठी सलग चालवावी लागते, आणि मी दरवेळी मधेच बंद करत होतो. खुणा होत्या हो, गाडी बंद केल्यावर पुढचा फॅन जोरात चालू राहायचा, सिग्नलला आरपीएम हजारच्या आसपास, स्टार्ट-स्टॉप चालेना. मला वाटलं थंडीने असेल. मग पिवळा दिवा लागला, तोही दोन दिवस तसाच ठेवला, शेवटी गाडीने ताकदच कमी केली आणि वर्कशॉपमधे कॉम्प्युटर लावून जाळून घ्यावं लागलं, ऑइलमधे डिझेल उतरलं होतं म्हणून ऑइलही बदललं. बिल सांगत नाही, बायको हे वाचते. तेव्हापासून घरून काम असलं तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास बी२७ हायवेवर फिरवून आणतो.

म्हणून माझं म्हणणं, डिझेल घ्यायची की नाही ते तुमचं घर कुठे मिळतंय त्यावर आहे, बंदीवर नाही. बंदीचं असं झालं की २०१८ च्या फेब्रुवारीत लाइपझिगच्या कोर्टाने शहरांना बंदीची मुभा दिली, मग स्टुटगार्टात १ जानेवारी २०१९ पासून युरो ४ (धुराचा नियम, आपल्या बीएस-४ सारखा) आणि त्याहून जुन्या डिझेलवर बंदी आली, २०२० मधे आतल्या भागात युरो ५ वरही. युरो ६ ला ती लागली नाही. तुम्ही घ्याल ती युरो ६ डी-टेम्प किंवा पुढचीच घ्या, आरसीच्या रकाना १४ मधे लिहिलेलं असतं, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

पैशाचं पण बघा. रोड टॅक्स डिझेलला दर १०० सीसीला ९.५० युरो, पेट्रोलला २ युरो. म्हणजे माझ्या १९६८ सीसीला वीस वेळा, १९० युरो, १५०० च्या पेट्रोलला फक्त ३०. वर सीओटूचे वेगळे, ते दोघांना साधारण सारखेच धरा. थोडक्यात वर्षाला १६० युरो तुम्ही चालू करायच्या आधीच हरलेले असता, इन्शुरन्सही डिझेलचा बहुधा जास्त, ॲडब्लू (डिझेलचा धूर साफ करायला लागणारं द्रव) भरा ते वेगळं. पंपावर डिझेल नेहमी स्वस्त असायचं, २०२२ मधे तेही उलटं झालेलं बघितलं. माझा ठोकताळा असा, वर्षाला १५ हजार किलोमीटर आणि त्यातले बरेचसे लांबचे, तर डिझेल. मी रोज बी४६४ हायवेने जाऊन-येऊन ऐंशी करतो म्हणून मला परवडते. तुमचं घर स्टुटगार्टातच फायहिंगेनला आणि ऑफिस एस-बानने (लोकलने) वीस मिनिटांवर असेल तर हीच काँबी १.५ पेट्रोलमधे घ्या, डिकी तेवढीच आहे.

आणि सप्टेंबरात उतरल्या-उतरल्या गाडी घेऊच नका. डॉइचलांडटिकेट काढा (देशभरच्या लोकल गाड्या आणि बसचा महिन्याचा पास, २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं), घर नक्की होऊ द्या. तोवर लायसन्सचं काम करा, कारण आपलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, तेही भाषांतर सोबत ठेवून, मग थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं. थिअरी इंग्रजीत देता येते. प्रॅक्टिकल मॅन्युअलवरच द्या, नाहीतर लायसन्सवर फक्त ऑटोमॅटिकचा शिक्का बसू शकतो. वीस वर्षं गाडी चालवतोय हा माज सोडा, मी पहिल्यांदा नापास झालो, गल्लीत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं ते विसरलो म्हणून.

जुनी घेणार असाल तर डीलरकडून घ्या, त्याला कमीत कमी एक वर्ष जबाबदारी टाळता येत नाही. जाहिरातीत शेकहेफ्ट बघा, म्हणजे सर्व्हिसच्या नोंदी, आणि "८-फाख बेराइफ्ट" लिहिलं असेल तर समर आणि विंटर दोन्ही टायरचे सेट मिळतात, ते पैसे वाचतात, कारण बर्फात विंटर टायर नसला तर दंड ६० युरो आणि लायसन्सच्या नोंदीत एक दंडाचा पॉइंट. २.० टीडीआय डीएसजीची (ऑटोमॅटिक) असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याची पावती मागा. टेस्ट ड्राइव्हला मुद्दाम थंड इंजिनावर सुरू करायला सांगा, आणि तुमची चाइल्ड सीट सोबत नेऊन खरंच बसवून बघा, मधे कोणाला बसता येतं का तेही.

मुलं डिसेंबरात येतील तेव्हा एअरपोर्टला न्यायला माझी गाडी आहेच. चालवणार मात्र मीच, इन्शुरन्सवर फक्त मी आणि बायको आहोत, तुम्ही शेजारी बसा आणि पुढच्या गल्लीला उजवीकडून कोण येतंय ते सांगत राहा.